लेण्याद्रीची माघी चतुर्थी आणि माझगावचे चिनी नववर्ष

माघ शुद्ध चतुर्थी हा गणेशजयंतीचा पुण्यदिन. जुन्नर तालुक्यात तो दोन ठिकाणी विशेष भक्तिभावाने साजरा होतो. एक, कुकडीकाठच्या ओझरास विघ्नेश्वराच्या दारी; आणि दुसरा, गोळेगावच्या डोंगरात लेण्याद्रीस गिरिजात्मजाच्या चरणी. अष्टविनायकांपैकी डोंगरावर, आणि तेही कोरीव लेण्यात, विराजमान झालेला गणपती हा एकच. सुमारे तीनशे पायऱ्या चढून भाविक वर येतो, घटकाभर टेकतो, खालच्या खोऱ्यावर एक दृष्टी टाकतो आणि मग एकाही खांबाचा आधार नसलेल्या त्या विस्तीर्ण दालनात पाऊल ठेवतो. दालनाच्या कडेने लहान लहान खोल्या आहेत. त्या कोणासाठी कोरल्या असतील, हा प्रश्न दर्शनाच्या ओढीत सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेल्या आहेत. लेण्याद्रीचे सातव्या क्रमांकाचे हे लेणे मूळचा विहार असून तो इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला आहे. पुढे केव्हातरी त्याच कातळात गिरिजेचा पुत्र वसला. खोल्या राहिल्या आणि देवही राहिला. एकाच दगडाने दोन परंपरा अंगावर वागविल्या, आणि भाविकांच्या श्रद्धेला त्यामुळे कधी उणेपणा आला नाही.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत अशी लेणी शेकड्यांनी आहेत. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्यास उतरलेला माल नाणेघाटाच्या वाटेने वर येई, आणि मालाबरोबर माणसेही येत. त्यांतल्या काहींनी लेण्यांना दाने दिली आणि आपली नावे ब्राह्मी लिपीत कोरून ठेविली. या दात्यांमध्ये तीन यवन आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. मानमोडी डोंगरातील भूतलेण्याच्या दर्शनी भागावर चंद नावाच्या यवनाचे दान नोंदलेले आहे, आणि त्याच दर्शनी भागावर गजलक्ष्मीही कोरलेली आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेच्या समुद्रापलीकडून आलेला मनुष्य. पण चिट काय किंवा चंद काय, ही नावे तर इकडचीच वाटतात. येथेच एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. नाव इकडचे झाले, भाषा इकडची झाली, दानधर्म इकडचा झाला. मग ‘यवन’ हा शब्द वगळणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तो वगळला नाही. कोरणाऱ्यानेही वगळा म्हटलेले दिसत नाही. दोन हजार वर्षांच्या आसपास ती दोन्ही ओळखींची जोडनावे आपल्या डोंगरात ऊन-पाऊस सोशीत उभी आहेत.

माघी चतुर्थीच्या निमित्ताने हे स्मरण करण्याचे कारण असे की, अशीच जोडओळख घेऊन जगणारी तरुण मुले आज आपल्याच महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या घरचा सर्वांत मोठा सण बहुतेक वर्षी आपल्या गणेशजयंतीच्या अवघे तीन दिवस आधी येतो. मुंबईच्या माझगाव भागात आणि अन्यत्र विखुरलेली ही चिनी वंशाची घराणी होत. त्यांची मुले मुंबईच्या शाळेत शिकतात, लोकलने प्रवास करितात, वडापाव खातात, भांडताना मुंबईचीच हिंदी बोलतात. चेहरा मात्र पूर्वेचा. आणि म्हणून ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न जन्मभर त्यांच्या मागे लागलेला असतो.

एकच चंद्र, दोन पंचांगे

पंचांग घरात ठेवणाऱ्या वाचकांना हा तपशील मनोरंजक वाटेल. चिनी कालगणना आपल्यासारखीच चांद्रसौर आहे. महिना अमावास्येच्या संधीने बदलतो आणि सूर्याशी मेळ घालण्यासाठी अधून-मधून अधिक मास धरितात. ज्या चांद्रमासात सूर्याचे संक्रमण होत नाही तो अधिक, हे तत्त्वही तेच. भेद इतकाच की आपली संक्रांत निरयन मानाची आणि त्यांची सायन. त्यामुळे दोघांचा अधिक मास दर वेळी एकाच ठिकाणी पडत नाही. त्यांचा पहिला महिना बहुधा आपल्या माघाशी जुळतो. पौषाची अमावास्या संपली की त्यांचे वर्ष उजाडते. 2023 साली ते 22 जानेवारीस उजाडले आणि गणेशजयंती 25 जानेवारीस आली. 2024 साली 10 व 13 फेब्रुवारी. 2025 साली 29 जानेवारी आणि 1 फेब्रुवारी. अधिक मासाचा मेळ चुकला म्हणजे हा सण महिनाभर पुढे सरकतो, आणि मग तो लेण्याद्रीऐवजी भीमाशंकराच्या यात्रेला येऊन भिडतो. 2026 सालची महाशिवरात्र 15 फेब्रुवारीची आणि चिनी नववर्ष 17 फेब्रुवारीचे. थोडक्यात काय, तर आपल्या भागातली दोन मोठी दैवते या परक्या मानलेल्या सणाच्या आगेमागे उभी आहेत.

साम्ये आणखीही आहेत. आपण तिळगूळ देऊन गोड बोलावयास सांगतो. त्यांच्याकडे वर्ष संपण्याच्या आठवडाभर आधी चुलीच्या देवाला निरोप देतात. हा देव वर जाऊन घरातल्या बऱ्यावाईटाचा वृत्तांत सांगतो अशी श्रद्धा असल्याने, त्याने गोडच सांगावे म्हणून त्याच्या ओठांना मध किंवा साखरेचा पाक लावितात. आपल्याकडे तिन्हीसांजेला केर काढू नये म्हणतात आणि लक्ष्मीपूजनाला केरसुणीचीही पूजा होते. त्यांच्याकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडू हाती धरीत नाहीत, आलेले भाग्य केराबरोबर बाहेर जाईल म्हणून. वडीलधारी मंडळी मुलांना लाल पाकिटात पैसे देतात. फरक एवढाच की आपण शंभरावर एक रुपया ठेवून ओटी किंवा आहेर करतो, त्यांना मात्र सम संख्या शुभ वाटते. दोन्ही घरांत जेवणाऱ्या मुलाला या हिशेबाची गंमत वाटत असेल तर नवल नाही. भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे आपले गणपती पाण्यात गेले की लगेच, त्यांचा चंद्रदर्शनाचा उत्सव येतो. चतुर्थीला ज्या चंद्राकडे पाहू नये म्हणून आपली आजी नातवाचे डोळे झाकते, त्याच चंद्राच्या भरल्या बिंबाकडे दहा-अकरा दिवसांनी ती मुले मुद्दाम पाहत बसतात आणि चंद्राच्या आकाराची गोड भरलेली पोळी खातात.

माझगावचा कौल

मुंबईत चिनी लोक आले ते प्रामुख्याने समुद्रमार्गे. कोणी जहाजावरचे खलाशी, कोणी गोदीतले सुतार. हूपे प्रांतातून आलेली माणसे दातांची कामे करीत गावोगाव फिरली. हक्का जमातीच्या लोकांनी जोड्यांच्या आणि कातड्याच्या धंद्यात नाव मिळविले. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मंचर-नारायणगावच्या हमरस्त्यावर संध्याकाळी ज्या हातगाड्या लागतात, त्यांवर ‘हक्का नूडल्स’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. हक्का हे पदार्थाचे नाव नसून एका जमातीचे नाव आहे, हे ती तव्यावर परतणाऱ्यालाही ठाऊक नसते. तीच कथा ‘मांचुरियन’ची. 1975 साली मुंबईत नेल्सन वाँग यांनी तो प्रकार प्रथम केला, असे सांगितले जाते. वाँग जन्माने कोलकात्याचे. म्हणजे पदार्थ ना मांचुरियाचा, ना चीनचा, शुद्ध मुंबईचा. आपल्या शाकाहारी घरांत फुलकोबीचे रूप घेऊन तो केव्हा येऊन बसला ते कळलेही नाही. पदार्थाला आपण इतक्या सहजपणे आपले म्हटले; करणाऱ्याच्या मुलाबाळांना म्हणावयास मात्र अडखळतो.

माझगावात नवाब टँक रोडवर या मंडळींचे एक जुने देऊळ आहे. ‘सी यूप कून’ असे त्याचे नाव. सी यूप म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या ज्या चार परगण्यांतून ही माणसे आली त्यांचे ते स्मारक. 1919 साली उभे राहिलेले हे देवस्थान बाहेरून एखाद्या साध्या दुमजली घरासारखे दिसते. आतला मुख्य देव क्वान कुंग. हा तिसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेला एक योद्धा. शब्द पाळावा, धन्याशी आणि मित्राशी इमान राखावे, यासाठी तो इतका विख्यात झाला की पुढे लोकांनी त्याला देवत्व दिले. त्याचा चेहरा लालभडक रंगवितात. आपल्या वेशीवरच्या शेंदूर माखलेल्या मारुतीपुढे उभे राहण्याची सवय असलेल्या माणसाला येथे मुळीच परके वाटू नये: रंग तोच, आणि स्वामिनिष्ठेचा गुणही तोच. देवापुढे उदबत्त्या लावतात. नळकांड्यात बांबूच्या काड्या ठेवलेल्या असतात. त्या हलवून जी एक काडी बाहेर पडेल तिच्या क्रमांकावरून भविष्याचा निर्णय वाचतात. आपण याला कौल लावणे म्हणतो.

चिनी घरांत पूजिली जाणारी करुणेची देवी क्वान यिन हिची कथा तर याहून विलक्षण आहे. ही मूळची आपल्याकडचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीनमध्ये गेल्यावर शतकांच्या ओघात त्याने स्त्रीरूप घेतले आणि तो माउली झाला. मुंबईलगतच्या कान्हेरीत एकेचाळीसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आजही पाहावयास मिळतो. येथून निघालेला देव तिकडे देवी झाला आणि खलाशांच्या पेटाऱ्यातून पुन्हा मुंबईस आला. त्याला परदेशी म्हणावयाचे की माहेरवाशीण?

या घरांतल्या आजच्या पिढीची स्थिती मात्र सोपी नाही. आजी-आजोबा हक्का किंवा कँटनी बोली बोलतात. नातवंडांना ती समजते, पण उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत येते. लिपी तर बहुतेकांच्या हातून सुटलीच आहे. देवळातल्या लाल पट्ट्यांवरची अक्षरे ही मुले चित्रासारखी पाहतात. पुष्कळ घराण्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे. ती मुले रविवारी चर्चमध्ये जातात, नववर्षाला क्वान कुंगपुढे उदबत्ती लावतात आणि शेजारच्या सार्वजनिक गणपतीच्या आरतीत टाळ्याही वाजवितात. चैत्राच्या सुमारास, 4-5 एप्रिलला, पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस येतो. तेव्हा अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत थडगी झाडून पुसून स्वच्छ करितात, पितरांपुढे अन्न मांडितात, उदबत्त्या लावितात. सर्वपित्रीला आपण पान वाढून कावळ्याची वाट पाहतो, त्याहून यातला भाव निराळा नाही. पण दरवर्षी थडगी झाडणारे हात कमी होत चालले आहेत. अनेक कुटुंबे कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. तिकडे गेल्यावर त्या मुलांची आणखी एक गंमत होते. चिनी वस्तीत ती ‘भारतीय’ ठरतात, कारण त्यांना जेवणात मसाला लागतो. आणि भारतीयांच्या मेळाव्यात ‘चिनी’ ठरतात, कारण चेहरा.

ही कोंडी जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. मुंबईचे डबेवाले आले ते याच पट्ट्यातून: मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर. मुंबईत खोली आणि गावी घर, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. चैत्रात ग्रामदैवताची यात्रा आली की अवघी मुंबई उपाशी ठेवून ते चार-पाच दिवस गावी येतात. मुंबईत ज्याला ‘घाटी’ म्हणून हिणविले तोच गावी आला की ‘मुंबईवाला’ होतो, आणि दोन्हीकडे किंचित पाहुणा राहतो. आंबेगाव तालुक्याची गोष्ट तर आणखीच बोलकी आहे. ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. गाव पाण्यात, पण नाव तालुक्याच्या माथ्यावर. त्या गावची मुले आज दुसरीकडे वाढतात आणि तरीही आम्ही आंबेगावचे म्हणतात. ‘चार परगण्यांचे’ म्हणविणारी माझगावची मुलेही अशीच एका न पाहिलेल्या गावाचे नाव मिरवीत असतात.

1962 सालानंतर

परंतु डबेवाल्याला कोणी देशाचा शत्रू म्हटले नाही. या मुलांच्या आजोबांना म्हटले गेले. 1962 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनने आक्रमण केले; आपले जवान हिमालयात धारातीर्थी पडले. देशभर उसळलेला संताप न्याय्य होता. मात्र त्या संतापाची झळ ज्यांना लागली त्यांत या देशात जन्मलेली, चीन कधी न पाहिलेली माणसेही होती. भारत संरक्षण कायद्याखाली आसाम, बंगाल, दार्जिलिंग, शिलाँग भागांतील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना पकडून राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुले होती, आणि चिनी नवऱ्याबरोबर गेलेल्या आसामी स्त्रियाही होत्या. अनेकांना 1963 साली जहाजांनी चीनला पाठविण्यात आले. उरलेल्यांपैकी काही 1967 पर्यंत छावणीतच होते. परत येऊन पाहतात तो घरे-दुकाने लिलावात गेलेली. आसामातील माकूमच्या या शोकांतिकेवर रीता चौधुरी यांनी 2010 साली ‘माकाम’ ही कादंबरी लिहिली. मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांनी जॉय मा यांच्या समवेत 2020 साली या छावणीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जॉय मा यांचा जन्मच देवळीच्या छावणीतला.

मुंबईच्या चिनी घराण्यांनाही परकीय म्हणून नोंद, पोलिसांत हजेरी, गावाबाहेर जावयाचे तर परवानगी, असे निर्बंध वर्षानुवर्षे सोसावे लागले. धंदे बंद पडले, पाट्या उतरल्या, वस्ती विरळ झाली. या साऱ्याचा मुलांवर झालेला परिणाम आकड्यांत सांगता येण्यासारखा नाही. आई-बापांनी मुलांशी आपल्या बोलीत बोलणे सोडले. रस्त्यात मोठ्याने आजीला हाक मारू नकोस, असे बजावले. जोडओळखीतला एक शब्द पुसून टाकला तर निभाव लागेल, असे त्यांना वाटले. आज तरुण नातवंडांना भाषा येत नाही याचे मूळ आळसात नाही, भीतीत आहे.

आजची मुले कायद्याने आणि जन्माने भारतीय आहेत. तरीही 2020 साली महासाथ आली आणि त्याच उन्हाळ्यात गलवानच्या खोऱ्यात आपले 20 जवान हुतात्मा झाले, तेव्हा या चेहऱ्याच्या तरुणांना आणि त्यांच्याबरोबर ईशान्येकडच्या मुलांनाही रस्त्यात रोगाच्या नावाने हाका मारण्यात आल्या. शत्रुराष्ट्राचा धिक्कार करावा, अवश्य करावा. पण शेजारच्या इमारतीतले दाताचे डॉक्टर म्हणजे शत्रुराष्ट्र नव्हे, एवढा विवेक देवाधर्माच्या घरात तरी असावयास हवा होता.

धर्मश्रद्धेने ही दरी बुजविल्याची उदाहरणेही आपल्याच देशात आहेत. कोलकात्याच्या टांग्रा भागात चिनी लोकांची जुनी वस्ती आहे. तेथे एका झाडाखाली शेंदूर लावलेल्या शिळा होत्या आणि स्थानिक लोक त्यांची कालीमाता म्हणून पूजा करीत. एक आजारी चिनी मुलगा कोणत्याच औषधाने बरा होईना, तेव्हा आई-बापांनी त्याला त्या झाडाखाली आणून निजविले आणि तो बरा झाला, अशी तेथील कथा आहे. त्या कृतज्ञतेतून चिनी मंडळींनी मंदिर उभारले. बंगाली पुजारी पूजा सांगतो, उदबत्त्या चिनी असतात, आणि प्रसाद म्हणून नूडल्स व चॉप्सुई वाटतात. पुराणमतवादी वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. पण घरात जे उत्तम शिजते तेच देवापुढे ठेवावयाचे, हा तर नैवेद्याचा मूळ नियम.

सोलापूरचा नातू, तिरोडीची नातवंडे

आता थोडे उलट दिशेनेही पाहू. एका मराठी घराचा अंकुर चीनमध्ये वाढला होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांवर त्यांनी रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या. चीनमध्ये त्यांनी ‘क ति-ह्वा’ असे नाव घेतले. त्यातले शेवटचे अक्षर ‘ह्वा’ म्हणजे चीन. 1941 साली क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेविले ‘यिन्-ह्वा’. ‘यिन्’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. दोन देशांचे एका मुलाच्या नावात लग्न लागले. आणि तीन-साडेतीन महिन्यांतच, 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी कोटणीस गेले.

पित्याची कथा आपण जाणतो, व्ही. शांताराम यांनी 1946 साली चित्रपट काढून ती घरोघर नेली. मुलाची कथा मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. यिन्-ह्वा वाढला तो चीनमध्ये. बाप आठवण्याइतकाही सहवास त्याला लाभला नाही. तो वीस वर्षांचा झाला त्याच वर्षी त्याच्या नावातली दोन अक्षरे परस्परांवर बंदुका रोखून उभी राहिली. वडिलांप्रमाणे डॉक्टर व्हावयाचे म्हणून तो वैद्यक शिकत होता. शिक्षण संपत आले असतानाच, 1967 साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर त्याचा अंत झाला. 1962 ते 1967 ही वर्षे पुन्हा एकदा पाहावीत. देवळीच्या छावणीची तीच वर्षे. क्वो छिंगलान पुढेही भारतात येत राहिल्या आणि कोटणीसांच्या घराशी सुनेचे नाते राखून 2012 साली त्यांनी देह ठेविला.

दुसरी कथा आपल्या भंडारा जिल्ह्याच्या सीमेपलीकडची. तुमसरहून एक रेल्वेफाटा मध्यप्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात तिरोडीच्या मँगनीज खाणींकडे जातो. त्या तिरोडीस वाँग छी नावाचा एक चिनी सैनिक येऊन राहिला. 1963 च्या जानेवारीत तो सरहद्द ओलांडून भारतीय हद्दीत सापडला. वाट चुकलो, असे त्याचे म्हणणे. सहा-सात वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढल्यावर 1969 साली त्याला तिरोडीस आणून सोडण्यात आले. परत जाण्याची परवानगी नाही, नागरिकत्वही नाही. गिरणीत पीठ दळण्याचे काम मिळाले. गावाने त्याला ‘राज बहादूर’ म्हणावयास प्रारंभ केला. 1975 साली गावातल्याच मुलीशी लग्न झाले, मुले झाली, नातवंडे झाली. मुलांची मातृभाषा हिंदी, सण घरचे हिंदू, आणि शाळेत चिडविण्यासाठी चेहरा पुरेसा. पोलिसांची चौकशी घरी येई ती बापासाठी, पण ती ऐकत मुले मोठी झाली.

पलीकडे शेन्सी प्रांतात वाँग छी यांची आई मुलाची वाट पाहत 2006 साली वारली. 2013 साली त्यांना चिनी पारपत्र मिळाले. 2017 च्या फेब्रुवारीत, चोपन्न वर्षांनंतर, ते कुटुंबीयांसह गावी पोहोचले. स्वागताला सारा गाव लोटला होता. भावांची गळाभेट झाली. मुलगा पित्याच्या भाषेतले बोलणे ऐकत उभा होता आणि त्याला त्यातले फारसे काही समजत नव्हते. वाँग छी आईच्या थडग्याशी जाऊन आले. पुढे ते तिरोडीस परतले, कारण पत्नी, मुले आणि नातवंडे येथेच होती. आता पारपत्र चीनचे असल्याने, तिरोडीतल्या स्वतःच्या घरी राहण्यासाठी त्यांना भारताचा व्हिसा काढावा लागे, आणि मुदत सरत आली की मुलगा पुन्हा अर्ज घेऊन कचेरीत जाई.